मैत्री योजून होते काय?



मैत्री ही योजून होणारी गोष्ट आहे काय, असे कोणी विचारले तर आपल्यापैकी बहुतेकजण चटकन 'नाही' असेच उत्तर देतील. पाऊस पाडता येत नाही, तसा स्नेहही जुळवून आणता येत नाही, तो आपोआप जुळतो, अशी आपली समजूत असते. लहानपणी शाळेच्या बाकाने, विहिरीच्या काठाने, वाड्याच्या अंगणाने आणि जत्रेच्या वाटेने आपल्याला मित्र दिले. त्यासाठी कोणी समिती नेमली नव्हती की नोंदवही ठेवली नव्हती. म्हणूनच इंग्लंड-अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये प्रौढ स्त्री-पुरुषांना मित्र मिळावेत यासाठी उपक्रम आखतात, त्यांचे वेळापत्रक फलकावर लावतात, हे ऐकले की प्रथम हसू येते. ब्रिटनने तर २०१८ साली एकाकीपणाच्या प्रश्नाची जबाबदारी एका मंत्र्याकडे सोपविली आणि २०२१ साली जपाननेही तेच केले. मैत्रीसाठी मंत्री! परंतु हे हसू घटकाभर बाजूला ठेवून आपण विचार केला, तर या प्रश्नात आपल्याही घरातले काही दडलेले आहे, असे दिसून येईल.

प्रथम दोन शब्दांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. एकांत वेगळा आणि एकाकीपणा वेगळा. एकांत मनुष्य स्वतः निवडतो, एकाकीपणा त्याच्यावर येऊन पडतो. इष्टलिंग तळहातावर घेऊन ध्यानास बसलेला साधक एकटा असतो, पण एकाकी नसतो. उलट भरल्या घरात, दहा माणसांच्या पंगतीत बसलेली एखादी वृद्धा एकाकी असू शकते, कारण त्या दहांपैकी कोणीही तिला मनातले विचारीत नाही. अक्कमहादेवी राजवैभवाचा त्याग करून एकट्या निघाल्या. तरीही श्रीशैलाच्या कदलीवनाची वाट धरण्यापूर्वी त्या कल्याणास आल्या, शरणांच्या सभेत बसल्या आणि अल्लमप्रभूंच्या कठोर प्रश्नांना सामोऱ्या गेल्या, असा प्रसंग शून्यसंपादनेत आला आहे. ज्यांना एकांताची एवढी ओढ, त्यांनाही वाटेत सत्संग हवासा वाटला. मग आपण सामान्य संसारी माणसांनी 'मला कोणाची गरज नाही' असे म्हणणे, हा पुष्कळदा केवळ अभिमान असतो.

एकाकीपणा हे केवळ मनाचे दुखणे आहे, असेही आता म्हणता येत नाही. अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी २०२३ साली या विषयावर एक जाहीर सूचनापत्र काढले. मूर्ती यांचे घराणे मूळचे आपल्या शेजारच्या कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यातले. त्या देशातील सुमारे निम्म्या प्रौढांना एकाकीपणाचा अनुभव येतो आणि माणसांचा संबंध तुटल्याने आयुष्याची होणारी हानी रोज पंधरापर्यंत सिगारेटी ओढण्याने होणाऱ्या हानीएवढी असते, असे त्यात नमूद केले आहे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ साली आपला अहवाल दिला. जगात दर सहा माणसांमागे एक माणूस एकाकीपणाने ग्रासलेला आहे आणि त्यापायी वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यू घडतात, असा त्या अहवालाचा अंदाज आहे. दर तासाला सुमारे शंभर.

आकड्यांपेक्षा एक घटना अधिक बोलकी आहे. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात उष्णतेची भयंकर लाट आली आणि नेहमीच्या प्रमाणापेक्षा ७३९ माणसे अधिक दगावली. त्यांतील कितीतरीजण बंद दाराआड, खिडक्या लावलेल्या खोलीत एकटे मरून पडलेले आढळले. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिनेनबर्ग यांनी या घटनेचा पुढे सविस्तर अभ्यास केला. एकमेकांना लागून असलेल्या उत्तर लॉनडेल आणि दक्षिण लॉनडेल या दोन वस्त्यांची त्यांनी तुलना केली. दोन्ही वस्त्या गरीब, दोन्हींत एकटे राहणारे वृद्ध बरेच. परंतु उत्तरेकडील वस्तीत मृत्यूचे प्रमाण दक्षिणेच्या सुमारे दहापट होते. एकीकडे रस्ते नांदते होते, दुकाने उघडी होती, म्हातारी माणसे खाली उतरून सावलीला किंवा दुकानाच्या गारव्याला जाऊ शकत होती. दुसरीकडे घरे ओस पडलेली, दुकाने बंद आणि बाहेर पडायची भीती. ज्या वस्तीत माणसाला घराबाहेर पडून बसण्याजोगी जागा होती, तिथे माणसे जगली, असे त्या अभ्यासाचे सार सांगता येईल. क्लिनेनबर्ग यांनी २०१८ साली दुसरा ग्रंथ लिहिला, आणि त्यात अशा जागांमध्ये सार्वजनिक ग्रंथालयाला अग्रस्थान दिले.

ग्रंथालयालाच का? याचे उत्तर फार साधे आहे. शहरातील बहुतेक छपरांखाली बसावयाचे तर काही विकत घ्यावे लागते. उपाहारगृहात चहा मागवावा लागतो, चित्रपटगृहात तिकीट काढावे लागते, आणि लग्नमंडपात जावयाचे तर आमंत्रण लागते. सार्वजनिक ग्रंथालयाच्या दारात मात्र 'का आलात?' असे कोणी विचारीत नाही. हातात एखादे वर्तमानपत्र धरले की तिथे दोन तास बसण्याचा अधिकार मिळतो. ज्याला आपले एकटेपण कोणाला सांगावयाचे नाही, त्याला तिथे येण्यास एक सभ्य निमित्त असते. एकाकी माणसाची पहिली अडचण हीच असते की, त्याला बाहेर पडण्यास कारण उरलेले नसते.

आता हे ग्रंथालयवाले नेमके करतात तरी काय, ते पाहू. ब्रिटनमध्ये २०१७ पासून ग्रंथालयांच्या साहाय्याने एक उपक्रम चालला आहे. त्यात एखादा स्वयंसेवक वृद्ध किंवा एकट्या माणसांबरोबर बसून काही वाचतो आणि त्या वाचनाच्या निमित्ताने गोष्टी निघतात. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे डिसेंबर २०१८ मध्ये जे भव्य मध्यवर्ती ग्रंथालय उघडले, त्यात पुस्तकांबरोबर शिवणयंत्रे आहेत, स्वयंपाकघर आहे, वाद्ये वाजविण्याच्या खोल्या आहेत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील ग्रंथालयांत वृद्ध मंडळी पडद्यासमोर उभी राहून चेंडूफेकीचा खेळ खेळतात आणि एका शाखेचा संघ दुसऱ्या शाखेच्या संघाशी सामना करतो. यात एक योगायोग आहे. रॉबर्ट पटनम नावाच्या विद्वानाने २००० साली अमेरिकी समाजाच्या विस्कटण्यावर जो ग्रंथ लिहिला, त्याचे नावच या खेळावरून पडले होते. लोक चेंडू फेकतात, पण संघ करून खेळत नाहीत, असे त्याचे दुःख होते. तुटलेला तो संघ ग्रंथालयाच्या एका कोपऱ्यात पुन्हा उभा राहिला, हे काही लहान काम नव्हे.

तरीसुद्धा पहिला आक्षेप उरतोच. योजून आणलेला स्नेह खरा कसा? याचे उत्तर असे की, योजना स्नेह देतच नाही, ती केवळ प्रसंग देते. शेतकरी पीक उगवीत नाही. तो नांगरतो, पेरतो, पाणी देतो, आणि उगवण्याचे काम बीज करते. परंतु 'उगवणे माझ्या हाती नाही' म्हणून जो नांगरतच नाही, त्याला आपण शहाणा म्हणत नाही. लहानपणी मैत्री आपोआप झाली, असे आपल्याला वाटते तेही तितकेसे खरे नाही. तिथे शाळेने योजना केली होती, एकाच बाकावर दहा वर्षे बसविले होते. ती योजना दुसऱ्या कोणी केली, म्हणून आपल्याला दिसली नाही एवढेच. प्रौढपणी तो बाक कोणी मांडीत नाही. बदली होते, मुले परदेशी जातात, जोडीदार लिंगैक्य होतो, जुने शेजारी घर विकून जातात. तेव्हा बाक कोणीतरी मुद्दाम मांडावा लागतो.

मात्र बाक कसा मांडावा, यात तारतम्य आहे. काही ठिकाणी अनोळखी माणसांना समोरासमोर बसवून दर पाच मिनिटांनी खुर्ची बदलावयास लावतात, म्हणजे तासाभरात दहा-बाराजणांची ओळख व्हावी. ज्यांची जीभ मोकळी आहे, त्यांना हे मानवते. परंतु बुजरा मनुष्य त्यात अधिकच आक्रसतो, कारण तिथे त्याच्यापाशी बोलण्यावाचून दुसरे काहीच नसते. याउलट जिथे हातात काम असते, विणकाम असो, बुद्धिबळाचा डाव असो, फाटक्या पुस्तकांची बांधणी असो, तिथे नजर कामावर राहते आणि बोलणे आपसूक निघते. मौनही तिथे खटकत नाही. आपल्या शरणांची नावेच पाहा. नुलिय चंदय्या म्हटले की दोर वळणारे हात दिसतात, अंबिगर चौडय्या म्हटले की नाव आणि वल्हे दिसते. अनुभवमंटपात जमलेली मंडळी आपापल्या कायकासह तिथे आली होती. कायकाने माणूस केवळ पोट भरीत नाही, तो दुसऱ्याच्या ओळखीस पात्र होतो. सेवानिवृत्त माणसाच्या दुःखाचे मूळही इथेच असते. वेतन जाण्यापेक्षा कायक जाण्याने तो अधिक एकटा पडतो.

दुसरी गोष्ट काळाची. कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, अनोळखी माणूस साधा मित्र होण्यास सुमारे ५० तास सहवास लागतो, खरा मित्र म्हणावयास ९० तास आणि जिवलग होण्यास २०० तासांहून अधिक. मैत्री घड्याळाने मोजू नये हे खरे, पण या आकड्यांतून एक हिशेब करता येतो. ग्रंथालयात आठवड्यातून एकदा दीड तास भेटणाऱ्या दोघांचे ५० तास भरण्यास सुमारे आठ महिने लागतील, आणि २०० तास भरण्यास अडीच वर्षांहून अधिक. म्हणजे सहा आठवड्यांचे शिबिर भरवून, शेवटी सामुदायिक छायाचित्र काढून जे उपक्रम संपतात, ते ओळख देतात आणि नेमके ती रुजण्याच्या आधी उठून जातात. ॲरिस्टॉटलनेही आपल्या नीतिशास्त्रात एका जुन्या म्हणीचा दाखला देऊन सांगितले आहे की, एकत्र पुरेसे मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत. खाल्ल्या मिठाला जागावे म्हणणाऱ्या आपल्या समाजाला हे निराळे सांगावयास नको. मीठ जेवणात चिमूटभरच असते, म्हणून पुरेसे मीठ खाण्यास पुष्कळ दिवस लागतात.

दुसरा आक्षेप मानाचा आहे, आणि तो पहिल्याहून गंभीर आहे. 'एकाकी लोकांसाठी' अशी पाटी लावलेल्या टेबलापाशी जाऊन बसावयास कोणाला आवडेल? दारिद्र्य सांगण्यास जितका संकोच वाटतो, त्याहून अधिक संकोच 'मला कोणी नाही' हे सांगण्यास वाटतो. म्हणून जाणते ग्रंथपाल अशी पाटी लावीत नाहीत. ते वाचनाची, विणकामाची, भाषेची पाटी लावतात. स्वीडनमधील ग्रंथालयांत भाषेच्या बैठकी भरतात. तिथे परदेशांतून नव्याने आलेले लोक आणि जुने रहिवासी, ज्यांत सेवानिवृत्त मंडळीही असतात, एका टेबलाभोवती बसून स्वीडिश भाषेत गप्पा मारतात. एकाला भाषा हवी आहे, दुसऱ्याला ऐकणारा कान. यात याचक कोण आणि दाता कोण, हे सांगता येत नाही. दान आणि दासोह यांतील भेद आपण जाणतो. दानात देणारा वर असतो आणि घेणारा खाली. दासोहात देणाराच स्वतःला दास मानतो, त्यामुळे घेणाऱ्याची मान खाली जात नाही. एकाकी माणसाला केवळ सोबत वाढून भागत नाही. त्याच्या हाती वाढपाचे भांडेही दिले पाहिजे. आपली कोणाला तरी गरज आहे, हे त्याला पटले म्हणजे त्याचा अर्धा एकाकीपणा सरतो.

तिसरा आक्षेप मात्र आपल्याला अंतर्मुख करणारा आहे. शेजाऱ्याचे काम ग्रंथपालाने केले, तर शेजारी मोकळा सुटला नाही काय? मुलाने आईची विचारपूस करावयाची, ती वेळापत्रकातल्या उपक्रमाने केली, तर मुलाचे कर्तव्य कोणी केले? हा आक्षेप मला खोडता येत नाही, आणि तो खोडू नये असेही वाटते. पगारी सेवा आणि स्नेह यांत अंतर आहे. ग्रंथपालबाईंची बदली झाली आणि टेबल उठले, तर तिथे चालला होता तो केवळ एक चांगला कार्यक्रम होता. मग खरे-खोटे ओळखावे कशाने? याची एक साधी खूण सांगता येईल. कोणतीही संस्था आपल्या अहवालात किती माणसे आली, हे मोजते. मैत्री मात्र कोण आले नाही, हे पाहते. गुरुवारच्या बैठकीत नेहमीचे एक गृहस्थ आले नाहीत आणि उरलेल्यांपैकी कोणीतरी घरी जाताना वाट वाकडी करून त्यांचे दार ठोठावले, तर समजावे की योजनेचे काम संपले आणि स्नेह सुरू झाला. शिकागोत जी माणसे बंद दाराआड गेली, त्यांच्या दारावर अशी एक थाप पडली असती, तर त्यांतील काही तरी वाचली असती.

इथे राज्यकर्त्यांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. ज्या ब्रिटनने एकाकीपणासाठी मंत्री नेमला, त्याच ब्रिटनमध्ये २०१० नंतरच्या काटकसरीच्या काळात स्थानिक संस्थांच्या निधीला कात्री लागून शेकडो ग्रंथालये बंद पडली. एका हाताने बाक काढून घ्यावयाचा आणि दुसऱ्या हाताने बसणाऱ्यांची चिंता वाहावयाची, ही विसंगती आहे. उपदेशाने एकाकीपणा जात नाही. त्याला छप्पर लागते, दिवा लागतो, चार खुर्च्या लागतात आणि त्या खुर्च्या रोज ठरल्या वेळी मांडणारा माणूस लागतो.

हा विषय आपल्याला अगदीच परका आहे, असेही नाही. १९०६ साली सयाजीराव महाराज गायकवाड अमेरिकेस गेले असता तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून प्रभावित झाले. त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास १९१० साली बडोद्यास आणले. बॉर्डन तीन वर्षे राहिले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, गावोगावी वाचनालये निघाली आणि पेट्यांतून पुस्तके खेड्यांपर्यंत फिरू लागली. प्रजा शहाणी व्हावी हा त्यामागे हेतू होता. परंतु जिथे वाचनालय निघाले, तिथे चार माणसांना रोज बसण्याची जागाही झाली. बडोदे असो, बेळगाव असो की हैदराबाद, सकाळी वर्तमानपत्रासाठी येणारी आणि वाचून झाल्यावरही रेंगाळणारी वृद्ध मंडळी आपल्या वाचकांनी पाहिली असतीलच. त्यांना कोणी उपक्रम म्हटले नाही. मात्र एक उणीव स्पष्ट कबूल केली पाहिजे. त्या बाकावर बहुधा पुरुषच दिसतात. ज्या स्त्रीने चाळीस वर्षे घर सांभाळले आणि आता जिचे घर रिकामे झाले, तिच्यासाठी तो बाक कोणी मांडला? अनुभवमंटपात स्त्रियांना समान आसन होते, हे आपण अभिमानाने सांगतो. मग गावच्या वाचनालयात तिच्यासाठी एक खुर्ची आणि एक सोयीची वेळ ठेवण्यास अडचण कोणती?

ग्रंथालयाच्या हाती सर्व आहे, असेही मानू नये. ज्याला खोल विषाद जडला आहे, त्याला वैद्याकडेच नेले पाहिजे. ज्याचे पाय चालत नाहीत, त्याच्याकडे पुस्तकाने आणि माणसाने चालत गेले पाहिजे. २०२० च्या महामारीत दारे बंद झाली, तेव्हा ब्रिटनमधील अनेक ग्रंथालयांच्या सेवकांनी एकट्या वृद्ध सभासदांना दूरध्वनी करण्याचे काम हाती घेतले. पुस्तक देणे-घेणे थांबले होते, पण विचारपूस थांबली नाही. दगड-विटांची इमारत स्थावर असते. तिच्यातून उठून माणूस दुसऱ्याच्या दारी जातो, तेव्हा तिच्यात जंगमत्व येते.

तात्पर्य, मैत्री योजून होत नाही, पण योजनेवाचून प्रौढपणी ती बहुधा होतच नाही. बाक मांडणे हे समाजाचे काम, आणि बाकावर बसल्यावर शेजारच्याकडे वळून पाहणे हे ज्याचे त्याचे काम. पहिले काम पैशाने आणि कायद्याने होऊ शकेल, दुसरे कोणाकडेही सोपविता येणार नाही. आपल्या गल्लीत, आपल्या वाचनालयात, मठातील सोमवारच्या प्रसादाच्या पंगतीत नेहमी दिसणारे एखादे तोंड गेले काही दिवस दिसत नसेल, तर ते कोणाचे, हे वाचकांनी हा अंक खाली ठेवताना आठवून पाहावे. आणि आठवले, तर उद्यावर न टाकता आजच त्या दाराशी जाऊन यावे.

शरणु शरणार्थी.